पंचमीचे मूळ

एका राज्यात आठ विहिरी होत्या आणि त्यांतल्या सात खारट होत्या. आठवी राजवाड्याच्या चौकात होती. तिचे पाणी गोड होते, आणि त्या राज्याचा राजा धैर्यधर रोज सकाळी त्या गोड पाण्याने तीन चुळा भरून मगच राज्य करायला बसत असे. प्रजा वेशीबाहेरच्या ओढ्याचे गढूळ पाणी फडक्याने गाळून पीत असे. राजाचे नाव धैर्यधर कोणी ठेवले ते मला ठाऊक नाही. ज्याने ठेवले त्याने फार घाई केली, एवढे खरे.

राज्याच्या उत्तरेला काळा डोंगर होता आणि डोंगरावर अंगारभुजंग राहत होता. शेपूट पायथ्याशी, फणा शिखरावर, पंख पसरले की अर्ध्या राज्यावर सावली, तोंड उघडले की जाळ. दर श्रावणात पंचमीला तो शिखरावर मोठा जाळ करी आणि दिवसभर गर्जना करी. जाळ दिसला की माणसे दारे लावून घेत, आणि राजगुरू त्रिकालशास्त्री पोथी उघडून सांगत, "भुजंग भुकेला आहे. मुलगी द्या."

दर सात वर्षांनी एक मुलगी द्यायची. आषाढात दिव्यांच्या अवसेला तिला हळद लावायची, हिरवा शालू नेसवायचा, ओटी भरायची आणि डोंगराच्या पायथ्याच्या दगडावर बसवून यायचे. येताना मागे वळून बघायचे नाही. त्या दिवसापासून तिचे नाव कोणी उच्चारायचे नाही. "डोंगराला दिली" म्हणायचे आणि जेवायला बसायचे. चार दिवसांत त्या मुलीच्या आळीची विहीर खारट होत असे. मग शास्त्री मान हलवून म्हणत, "भुजंगाचे समाधान झाले नाही." की सात वर्षांनी आणखी एक. कुंभाराची गेली, कुंभारआळीची विहीर गेली. साळ्याची गेली, साळीआळीची विहीर गेली. सात मुली, सात विहिरी, आणि एवढ्या मोठ्या दरबारात एकाही शहाण्याला ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नाहीत. मला हे सांगतानाच राग येतो, म्हणून भराभर सांगून टाकते.

आठव्या वेळी लोक राजवाड्यासमोर जमले. कोणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारा साळी पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, आमच्या आळ्या संपल्या. आता आपली पाळी."

राजाला एकच मुलगी होती, मंदारमाला. ती पाच वर्षांची असताना राणी वारली. राणी तिला लाडाने चिंगी म्हणायची. राणी गेली त्याच महिन्यात राजाने दवंडी पिटवली की राजकन्येला असल्या नावाने हाक मारणाऱ्याची जीभ छाटण्यात येईल. तेव्हापासून तिला सगळे राजकन्या म्हणत. ती एकोणीस वर्षांची झाली होती, उंच, सावळी, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. तो तिने कधी लपवला नाही.

राजाने तिला बोलावले. "कन्ये," तो म्हणाला, "प्रजेसाठी त्याग करावा लागत आहे."

"कोणाला, महाराज?"

"आम्हाला. आम्हाला अपार यातना होत आहेत."

"ज्याला यातना होत आहेत त्याने दगडावर बसावे."

राजाने शास्त्र्यांकडे पाहिले. शास्त्र्यांनी छताकडे पाहिले. मानकरी, सरदार, कारभारी सगळे मूग गिळून बसले होते. मंदारमालेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती पुढे एक शब्द बोलली नाही. ह्यांच्यापुढे बोलणेसुद्धा तिला स्वतःचा अपमान वाटला.

अवसेच्या दिवशी तिला पालखीतून वाजतगाजत दगडावर नेऊन बसवले. शालू, हळद, मुंडावळ्या, ओटीत नारळ आणि तांदूळ. वाजंत्री थांबली, मंडळी वळली. राजा सर्वांत आधी वळला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. वाट लांब होती, सरळ होती, आणि शेवटच्या झाडापर्यंत त्या पाठीने एकदाही मान फिरवली नाही.

दगडाच्या वरच्या निवडुंगावर एक साळुंकी बसली होती. ती माणसासारखी बोलत असे.

"रड," साळुंकी म्हणाली. "सगळ्या इथेच सुरुवात करतात."

"मी रडणार नाही."

"का बरे?"

"मला राग आला आहे. दोन्ही एकदम जमत नाही."

"हे नवीनच," असे म्हणून साळुंकीने चोच पंखात घातली आणि पिसे साफ करत बसली.

तेवढ्यात डोंगर हलला, म्हणजे भुजंग हलला. फणा वरून खाली आला, दोन डोळे पेटलेल्या भट्टीच्या तोंडाएवढे, आणि श्वासाने शालूचा काठ करपला. मंदारमालेने ओटीतला नारळ उचलला आणि सारा जीव एकवटून त्याच्या कपाळावर हाणला. नारळ फुटला. पाणी भुजंगाच्या नाकावरून ओघळले.

"ओटीचा नारळ असा फोडत नाहीत," भुजंग म्हणाला.

"खा मला आणि मोकळा हो!"

"मी मुली खात नाही." त्याने खोबऱ्याचा एक तुकडा जिभेने उचलला. "मी ह्या डोंगराचा राखणदार आहे. वर चल. पायऱ्या निसरड्या आहेत, शालू सावर."

ती चढली. दुसरे करणार काय? वर एक दार होते, एका अखंड शिळेचे, आणि दारापलीकडे एक लांब ओसरी. त्या ओसरीवर सात मुली ओळीने बसल्या होत्या. हिरवे शालू, अंगाला हळद, जशा गेल्या तशाच. त्या डोंगरावर वय चढत नसे. एकोणपन्नास वर्षांपूर्वी आलेली कुंभाराची मुलगी अजून सोळाचीच होती. सातही जणी रडत होत्या. प्रत्येकीच्या पायापाशी खडकाला एक चीर होती, आणि आसवे त्या चिरेत उतरून डोंगराच्या पोटातून झिरपत थेट तिच्या आळीच्या विहिरीत जात होती. ओळीच्या शेवटी एक आठवी चीर होती. ती कोरडी होती.

मंदारमालेने ती चीर पाहिली आणि तिला सगळे उमगले. अर्धे शतक राज्य आपल्याच लेकींचे अश्रू पीत होते, थुंकून टाकत होते, आणि खारट म्हणून आणखी एक लेक आणून बसवत होते!

"ह्यांना कोंडून का ठेवले आहेस?" तिने विचारले.

"मी कोंडलेले नाही. तुझ्या आजोबांनी डोंगराशी सोयरीक केली. डोंगराने पाणी द्यायचे, राज्याने सात वर्षांनी एक लेक द्यायची, आणि दर पंचमीला माहेरहून मूळ धाडून तिला न्यायचे. मूळ आले की लेक मोकळी. परत यावे न यावे, ही तिची मर्जी. असे ठरले होते." भुजंगाने फणा जमिनीला टेकवला. "लेकी आल्या. मूळ एकदाही आले नाही."

मूळ म्हणजे लेकीला सासरहून न्यायला आलेले माहेरचे माणूस. हे त्या राज्यात कोणाला ठाऊक नव्हते काय? घरोघरी ठाऊक होते. दर पंचमीला गावागावांतून भाऊ निघत, बाप निघत, लेकींना घेऊन येत. फक्त डोंगराला दिलेल्या लेकीसुद्धा लेकीच, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

"आणि तो जाळ? त्या गर्जना?"

"वाट दिसावी म्हणून जाळ करतो. हाका मारतो. एकोणपन्नास पंचम्या मारल्या. तुम्ही दारे लावून घेता."

"मग तूच का नाही सोडलेस त्यांना? दार उघडायचे, हाकलून द्यायचे!"

"मुळाशिवाय लेक पाठवली तर लोक म्हणतील, टाकली. मी तसे करणार नाही. रीत आहे."

"तुझी रीत त्या जाळात घाल!" ती इतक्या जोरात ओरडली की सातही जणींचे रडणे क्षणभर थांबले. "ते तिकडे भित्रे आणि तू इकडे रीतवाला. आणि मध्ये ह्या बसल्या आहेत!"

भुजंगाने फणा बाजूला वळवला. मोठे जनावर होते, पण त्याला ते लागले असावे.

मंदारमाला पहिल्या मुलीपाशी बसली. "तुझे नाव काय?"

मुलीने विचार केला. "कुंभारआळी," ती म्हणाली. नाव तिला आठवेना. दुसरीलाही आठवेना. ज्या नावाने कोणी हाक मारत नाही ते नाव त्या डोंगरावर विरून जात असे, आणि सातही जणींना फक्त आपापली आळी तेवढी आठवत होती.

मंदारमाला उठली. "मला खाली जाऊ दे," ती भुजंगाला म्हणाली. "मी ह्यांची मुळे धाडते. माझे मूळ येईपर्यंत मी डोंगराचीच आहे. पळणार नाही."

भुजंगाने तिच्याकडे नीट पाहिले. "तीन अटी आहेत," तो म्हणाला. "पायी जायचे. चतुर्थीचा सूर्य मावळण्याआधी परत यायचे. आणि स्वतःसाठी मूळ मागायचे नाही. मागून आलेले मूळ हे मूळ नव्हे."

"मान्य."

"मुळाने तीन गोष्टी आणायच्या. स्वतःच्या हाताची शिदोरी. स्वतःच्या घरातले वस्त्र. आणि तिचे माहेरचे नाव, ते ह्या दारात उभे राहून मोठ्याने घ्यायचे. तिन्ही असतील तर दार उघडेल. पंचमीचा सूर्य मावळला की दार वर्षभर बंद."

"हेही मान्य," असे म्हणून तिने शालूचा पदर खोचला आणि ती पायऱ्या उतरू लागली. साळुंकी तिच्या खांद्यावर बसली. तिला कोणी बोलावले नव्हते.

प्रतिपदेला दिवस कलता ती वेशीत शिरली आणि पळापळ झाली. डोंगराला दिलेली परत आली म्हणजे भूतच असणार! बायांनी मुले आत ओढली, कोणी उंबऱ्यावर मोहऱ्या टाकल्या, कोणी चूल विझवली. मंदारमाला दारोदार गेली. "तुमची मुलगी जिवंत आहे," ती सांगे, आणि आतून कडी लागे. दोन दिवस हेच चालले. तिचे पाय सोलपटले, घसा कोरडा पडला, आणि ओढ्याचे गढूळ पाणी पहिल्यांदा प्याल्यावर आपण एकोणीस वर्षे कोणाचे पाणी पीत होतो, ह्याचीही तिला लाज वाटली.

तृतीयेला सकाळी ती कुंभारआळीच्या टोकाच्या घरापाशी आली. त्या घराचे दार उघडे होते. आत भागाई कुंभारीण भाकरी थापत होती. ऐंशी वर्षे पार केलेली, पाठीत वाकलेली, डोळ्यांना दिसत नव्हते पण हाताला दिसत होते.

"ये बाई," ती म्हणाली. "भूत असशील तर असशील. ह्या वयात मी काय घाबरू?"

"आजी, तुमची मुलगी डोंगरावर आहे. सोळाचीच आहे. रडते आहे."

भागाईचा हात परातीत तसाच राहिला. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्याच पंचमीला मी शिदोरी बांधली. मूळ नको का जायला, म्हटलं. वेशीवर शिपायांनी अडवलं. शास्त्र्यांचा हुकूम, डोंगराला दिलेलीकडे जो जाईल त्याचं डोकं उडवू. मी परत आले. तेव्हापासून दर पंचमीला एक भाकरी बाजूला काढते आणि गाईला घालते." मग ती मोठ्याने म्हणाली, "सगुणा. माझ्या लेकीचं नाव सगुणा."

एकोणपन्नास वर्षांत त्या आळीत हे नाव कोणी घेतले नव्हते. शेजारच्या घराचे दार किलकिले झाले. कोणी तरी आत रडू लागले. मग पलीकडच्या आळीतली बाई बाहेर आली आणि तिने आपल्या बहिणीचे नाव घेतले. बातमी आळीतून आळीत गेली, आणि मुळाने काय काय आणायचे तेही. दडपून ठेवलेली नावे दुपारपर्यंत सगळ्या गावभर ऐकू येऊ लागली. कोणाची आई नव्हती तर भाऊ निघाला, भाऊ नव्हता तर बहीण निघाली. चुली पेटल्या.

फक्त रावजी लोहार आपल्या भट्टीपुढे बसून राहिला. सातवी मुलगी त्याची. दगडावर त्यानेच तिला हात धरून बसवले होते.

"राजकन्ये," तो म्हणाला, "कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने," ती म्हणाली. "दुसरे कुठून आणणार? भाकरी थापा."

चतुर्थीला सकाळी सगळी मंडळी राजवाड्यावरून निघाली. सज्ज्यावर राजा उभा होता. मंदारमाला खाली थांबली. तिने फक्त वर पाहिले. मागायचे नव्हते, आणि मागितलेही नसते. बाप आणि लेक ह्यांची नजरानजर झाली. राजाचे ओठ हलले. शास्त्र्यांनी त्याच्या कानाशी काही पुटपुटले, राजाने मान वळवली आणि आतून कोणी सज्ज्याची झडप लावून घेतली.

"चला," मंदारमाला म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. मागून चालणाऱ्या भागाईने मात्र तिचा पदर घट्ट धरला.

वेशीवर बारा शिपाई भाले आडवे धरून उभे होते. "पुढे जाण्यास मनाई आहे!"

मंदारमालेने केस मोकळे सोडले. अंगाला वाळलेली हळद होती, शालू करपला होता, पायांना रक्त होते. ती सरळ भाल्यांवर चालत गेली. "मी चार दिवसांपूर्वी मेले," ती म्हणाली. "तुमच्यापैकी चौघांनी माझी पालखी उचलली होती. कोणी उचलली? पुढे व्हा. मला तुमच्या खांद्यावर पुन्हा बसायचे आहे."

बारा भाले खाली पडले. शिपायांच्या वहाणासुद्धा तिथेच राहिल्या. साळुंकी इतकी हसली की खांद्यावर बसायचे विसरून जमिनीवरच बसली.

सूर्य मावळण्याआधी मंदारमाला दारात पोचली आणि आत जाऊन आठव्या चिरेपाशी बसली. मंडळी पायथ्याशी मुक्कामाला राहिली. पंचमीला उजाडताच भुजंगाने शिखरावर जाळ केला. ह्या वेळी पहिल्यांदाच त्या जाळाच्या उजेडात कोणी पायऱ्या चढत होते. भुजंग गर्जना करायचे विसरला आणि नुसता बघत राहिला.

भागाई पहिली आली. तिने भाकरी उंबऱ्यावर ठेवली, चोळीचा खण ठेवला आणि हाक मारली, "सगुणे! ए सगुणे, चल गं घरी!"

शिळा सरकली. सोळा वर्षांची मुलगी उठली आणि ऐंशी वर्षांच्या आईसमोर उभी राहिली. तिने त्या सुरकुतल्या चेहऱ्याकडे पाहिले, ओळखले नाही, मग परातीतल्या पिठाचा वास असलेल्या हातांकडे पाहिले आणि ओळखले. "आई, तू म्हातारी कशी झालीस?" ती म्हणाली. भागाईने मुलीचे नाक पदराने पुसले, लहानपणी पुसायची तसे. त्याच घटकेला खाली कुंभारआळीची विहीर गोड झाली.

एकेका हाकेला दार उघडत गेले. सर्वांत शेवटी रावजी लोहार आला. नाव घेताना त्याचा आवाज तीनदा फुटला, चौथ्यांदा जमले. मुलगी बाहेर आली आणि तिने बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी धपाधप मारले. तो मार खात उभा राहिला. मग दोघे खाली उतरले.

दिवस दोन प्रहर वर आला तेव्हा ओसरी रिकामी होती. सात चिरा वाळल्या होत्या. मंदारमाला एकटी बसली होती, आणि बाहेरून उतरणाऱ्या माणसांचा आवाज लहान लहान होत गेला.

"माझे कोणी येणार नाही," ती म्हणाली.

"सूर्य मावळला नाही अजून," भुजंग म्हणाला.

"त्याने मला पाहिले. डोळ्याला डोळा देऊन पाहिले, आणि झडप लावली." तिने दोन्ही हातांनी जमीन बडवली. "लोहाराला यायची लाज वाटत होती, तरी तो आला. आंधळी म्हातारी पायऱ्या चढून आली. आणि तो? त्याला चुळा भरायच्या असतील!"

मग ती रडली. दुःखाने नव्हे बरे का, संतापाने रडली, आणि ते थांबवणे तिच्या हातात राहिले नाही. आसवे आठव्या चिरेत टपटप पडली आणि डोंगराच्या पोटातून खाली गेली. साळुंकीने ते पाहिले आणि ती राजवाड्याच्या दिशेने उडाली.

ती परत आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. धाप लागलेली, पण बोलल्यावाचून राहवेना.

"ऐक," ती म्हणाली. "दुपारी राजा जेवायला बसला. पहिला घोट घेतला आणि थुंकला. पाणी खारट! शास्त्री म्हणाले, महाराज, सात विहिरी गोड झाल्या आहेत, कुंभारआळीतून घागर मागवू. मागवली. भागाईच्या घरून आली. म्हातारी म्हणाली, ने बाबा, पाण्याला नाही म्हणू नये. राजाने तो पेला हातात घेतला. गोड पाणी, थंडगार. कोणी अडवले नव्हते त्याला. पिऊन टाकता आले असते."

"मग?"

"नाही प्याला. पेला खाली ठेवला. मग उष्टा पेला उचलला, आपल्या विहिरीचा, खारट, आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. शास्त्री हां हां म्हणत राहिले. मग उठला आणि मुदपाकखान्यात गेला. आचारी पुढे आले, त्यांना बाहेर काढले. आणि दार लावून घेतले. पुढचे मला दिसले नाही, पण धूर फार झाला."

मंदारमालेने डोळे पुसले.

सूर्य डोंगराच्या खांद्याला टेकला तेव्हा पायऱ्यांवर एक माणूस दिसला. एकटाच. पालखी नाही, छत्र नाही, चवरी नाही. दर दहा पायऱ्यांना थांबत होता, गुडघ्यावर हात ठेवत होता, पुन्हा चढत होता. दारापाशी आला तेव्हा त्याला श्वास पुरत नव्हता. त्याने फडक्यात बांधलेली भाकरी उंबऱ्यावर ठेवली. एका बाजूने कोळसा झालेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. त्याच्या चार बोटांना फोड आले होते.

"वस्त्र," भुजंग म्हणाला.

राजा दचकला. वस्त्र आणायचे तो विसरला होता. त्याने इकडे तिकडे पाहिले, मग डोक्यावरचा जरीचा मंदील उतरवला, ज्याच्यापुढे सारे राज्य वाकत असे, आणि तो भाकरीशेजारी ठेवला. बोडक्या डोक्याने तो अगदी साधा म्हातारा दिसत होता.

"नाव."

"राजकन्या मंदारमाला," राजा म्हणाला.

शिळा हलली नाही.

"कन्ये!" तो मोठ्याने म्हणाला.

शिळा हलली नाही. सूर्याची अर्धी कोर बुडाली होती. आत मंदारमाला उभी होती. तिला ते नाव ठाऊक होते, पण तिने दात घट्ट आवळून धरले. मागायचे नव्हते.

राजाने उंबऱ्यावर डोके टेकले. चौदा वर्षांपूर्वी जे नाव घेणाऱ्याची जीभ छाटू म्हणाला होता, ते नाव त्याला त्याच जिभेने घ्यायचे होते. ते नाव राणीने ठेवलेले होते. राणी गेल्यावर ते ऐकले की त्याला जगणे नको होई, म्हणून त्याने ते सगळ्या राज्याच्या तोंडून काढून घेतले. पाच वर्षांच्या पोरीला आई तर उरली नव्हतीच, पण आईने दिलेले नावसुद्धा त्याने राहू दिले नाही. इतका भित्रा माणूस होता तो, आणि हे त्याला आज कळत होते.

"चिंगे," तो म्हणाला. आवाज अगदी लहान निघाला. मग त्याने मान वर केली आणि डोंगर दणाणेल अशी हाक मारली, "चिंगे! घरी चल!"

शिळा सरकली. सूर्याची शेवटची रेघ त्याच क्षणी बुडाली.

मंदारमाला बाहेर आली. राजा हात पसरून पुढे झाला. तिने त्याला दोन हातांवर थांबवले. खाली वाकून भाकरी उचलली, तिचा एक तुकडा मोडला आणि चावला.

"कच्ची आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही मागे वळून पाहिले नाही."

"नाही."

"झडप लावलीत."

"हो."

"मी येते आहे," ती म्हणाली, "पण माझा राग गेलेला नाही. तो कधी जाईल ते मी सांगू शकत नाही. आणि तो जावा म्हणून तुम्ही एक शब्द बोललात तर मी इथूनच परत फिरेन."

"बरे," राजा म्हणाला.

तिने करपलेली बाजू त्याच्या हातात दिली. "खा. सकाळपासून काही खाल्लेले दिसत नाही, आबा."

दोघे पायऱ्या उतरले, ती पुढे आणि तो मागे. भुजंगाने जाळ तोंडातच धरून ठेवला होता, वाट संपेपर्यंत उजेड पुरावा म्हणून.

राजवाड्याची विहीर त्या दिवसापासून पुन्हा गोड झाली, पण तिच्यावर पहारा राहिला नाही. पायथ्याचा तो दगड रावजी लोहाराने घणाच्या सात घावांत फोडला. त्रिकालशास्त्र्यांना कोणी मारले नाही, झोडले नाही. त्यांनी फक्त सात वर्षे ओढ्याचे पाणी फडक्याने गाळून प्यावे, असे ठरले, आणि तसे ते प्याले. राजाने गादी मुलीला दिली. तिने ती घेतली, आणि आभार मानले नाहीत. दर पंचमीला काळ्या डोंगरावर जाळ होतो, तेव्हा त्या राज्यात दारे उघडतात, आणि सगुणा आणि तिच्या सहा मैत्रिणी भुजंगाला दूध-लाह्या घेऊन वर जातात. संध्याकाळी त्यांना न्यायला माहेरची माणसे येतात. नेमाने येतात.

राग केव्हा गेला म्हणाल, तर तेही सांगते. सात वर्षांनी एका पंचमीला राणी मंदारमाला डोंगरावरून उशिरा निघाली. बघते तो पहिल्या पायरीवर म्हातारा बाप बसलेला, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. त्याला कोणी जा म्हटले नव्हते. तिने गाठ सोडली. भाकरी दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली होती.

ज्या घरची लेक दूर असेल त्या घराने ही गोष्ट ऐकावी, आधी उठून तिच्याकडे मूळ धाडावे, आणि मग खुशाल पाणी प्यावे.